आक्काचं आमेन

शांतवन कोडोलीकर, म्हणजे सगळ्यांचे तात्या, प्रार्थनेला उभे राहिले की चर्चच्या मंडळीतल्या बायका पदर सारखा करून डोळे मिटायच्या आणि पोरं हातातला बिस्किटाचा पुडा आवाज न करता खाली ठेवायची. असा आवाज साऱ्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाचा नव्हता. देवानं तो दिला हे खरं, पण घोटून घोटून तयार केला तो एस.टी.नं. तात्या मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून 'राधानगरीमार्गे कणकवलीला जाणारी गाडी' आणि 'गडहिंग्लजमार्गे नेसरीला जाणारी गाडी' असं त्यांनी इतकी वर्षं सांगितलं की निवृत्त झाल्यावरही घरात 'मीठ द्या' म्हणाले तरी कुठली तरी गाडी सुटतेय असं वाटायचं.

या आवाजाला मंडळीत मागणी फार. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो, घरभरणी असो, पाळकसाहेबांचं मुख्य काम उरकलं की कुणीतरी म्हणणारच, "आता तात्यांनी प्रार्थनेत चालवावं." एकांनी तर बोअर मारायच्या आधी त्यांना नेलं होतं. पाणी लागलं नाही, पण प्रार्थना भारी झाली असं सगळे म्हणाले. तात्यांची प्रार्थना 'हे परमकृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या' इथून सुटायची, आभार, पापकबुली, आजारी माणसं, राज्यकर्ते, पाऊसपाणी असे ठरलेले थांबे घेत घेत बरोब्बर आमेनला येऊन लागायची. कधी पंक्चर नाही, कधी उशीर नाही.

आता खरं सांगायचं तर त्या गाडीत खुद्द तात्या कित्येक वर्षांत बसले नव्हते.

देवाशी त्यांचं भांडण झालं होतं असं मुळीच नाही. भांडण झालं असतं तर बरं. भांडणारा माणूस निदान समोरच्याकडं बघतो तरी. तात्यांना देवाबद्दल राग नव्हता, शंका नव्हती, ओढही नव्हती. सकाळची प्रार्थना निवृत्तीनंतर कधीतरी सुटली. बायको मार्था स्वयंपाकघरात एकटीच ओठ हलवायची, तेव्हा हे बाहेर पेपरात फुटबॉलचा निकाल वाचत असायचे. रविवारी कोट घालून उपासनेला जायचे, वचन ऐकायचे, घरी येऊन मटण-भाकरी खाऊन झोपायचे. काही चुकतंय असं त्यांना वाटत नव्हतं. खरं तर काहीच वाटत नव्हतं, आणि तीच गोम होती.

ती उघडी पडली जेकबदाजींच्या स्मरणप्रार्थनेला.

जेकबदाजी म्हणजे तात्यांच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. चित्रकलेचे मास्तर, खाण्याचे शौकीन आणि फुटबॉलचे वेडे. त्यांची प्रार्थना ही मंडळीत चेष्टेचा विषय होती. रोज सकाळी आक्काला समोर बसवून ते देवाशी घरगुती गप्पा मारल्यासारखं बोलायचे. नातवाचे मार्क, संपत आलेला गॅस, आक्काचे गुडघे, आणि शेवटी आपल्या टीमला निदान बरोबरी तरी मिळू दे. त्या घरात पाहुणा निरोप घ्यायला उठला की दारातच दोन मिनिटांची प्रार्थना व्हायची. ख्रिस्ती घरांत ही रीत जुनीच, पण दाजींनी ती अंमळ ताणली होती. सिलेंडर घेऊन आलेल्या माणसालाही ते डोळे मिटायला लावत, आणि तो बिचारा टोपी काढून उभा राहायचा. तात्या घरी येऊन मार्थाला त्यांची नक्कल करून दाखवायचे.

दाजी गेले त्याला वर्ष झालं, त्या दिवशी कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीत आक्काच्या घरी माणसं जमली. फोटोला हार, पुढं मेणबत्ती, आतल्या खोलीत चिवड्याच्या बशा. नेमकं त्याच दिवशी दुपारी मंडळीतल्या एका ज्येष्ठांच्या नातवाचा वाढदिवस होता आणि तिथली प्रार्थना करून, केक खाऊन तात्या थेट इकडं आले होते. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला, दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "आता तात्यांनी प्रार्थनेत चालवावं."

तात्या उभे राहिले. डोळे मिटले. गाडी सुटली.

"हे परमकृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, आजच्या या आनंदाच्या दिवशी आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या प्रिय जेकबला तू आयुष्याचं आणखी एक वर्ष पाहू दिलंस. येणारं वर्षही आरोग्याचं, भरभराटीचं कर. त्याला उदंड आयुष्य दे, आणि असे अनेक दिवस आम्हाला एकत्र साजरे करू दे. प्रभू येशूच्या नावानं मागतो."

"आमेन!" सगळी खोली एका सुरात म्हणाली.

चांगलं खणखणीत आमेन झालं. मग कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं, कुणी कुणाला कोपरानं ढोसलं आणि आपण कशाला आमेन म्हटलं ते एकेकाच्या डोक्यात शिरत गेलं. दाजींचे फुटबॉलचे दोस्त, शिवाजी पेठेतले पिराजी, मोठ्या मनाचा माणूस, अवघडलेपण मोडावं म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, "तात्या, गाडी गेल्यावर फलाट सांगितलासा की!" सगळे हसले. तात्यांनीही कपाळाला हात लावून हसून घेतलं. चिवड्याच्या बशा फिरल्या.

आक्का मात्र हसली नव्हती. माणसं पांगल्यावर तात्या निघाले, तेव्हा ती दाराशी आली.

"शांत्या," ती म्हणाली, "मघाशी तू कुणासंगं बोलत हुतास रे?"

रागावून विचारलं असतं तर तात्यांनी माफी मागून विषय मिटवला असता. पण आक्का खरंच विचारत होती. उत्तर हवं म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"आक्का, चुकलं गं. दुपारचा वाढदिवस डोक्यात हुता."

"ते कळलं मला. कुणासंगं बोलत हुतास ते इचारतोय मी."

तात्या वाकून चपला शोधायला लागले. मग आक्का म्हणाली, "ह्या घरात आता तू प्रार्थना करायची न्हाय. चहाला ये, जेवायला ये, भाऊ हाईस माझा. पर प्रार्थना नगं."

आणि बहिणीच्या घरातून शांतवन कोडोलीकर जन्मात पहिल्यांदा निरोपाच्या प्रार्थनेशिवाय बाहेर पडले.

माणसाला शिव्या पचतात, प्रश्न पचत नाही. रात्रभर ते कूस बदलत राहिले आणि सकाळी चहा पिता पिता मार्थाला सगळं सांगून मोकळे झाले. "मार्था, मला उत्तरच आलं न्हाय. मी कुणासंगंच बोलत नव्हतो. कवापासनं बोलत न्हाय, तेबी आठवंना."

मार्था निवृत्त नर्स. मिशनच्या दवाखान्यात तिनं उभी हयात काढली होती आणि दुखणाईत माणसाला कुरवाळायची तिला सवय नव्हती.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमचं जेवाण कवाच बंद झालंय. दुसऱ्यास्नी वाढत फिरतासा निस्तं."

"मग बोलली का न्हाईस?"

"सांगून कोण जेवतंय?"

"पर मला भूकच न्हाय त्याची. मनातनं येतच न्हाय तर खोटं कशाला करू? येईल तवा करीन की."

मार्थानं कप खाली ठेवला. "अवो, भूक लागली की जेवतो म्हणणारं पेशंट मी ढिगानं बघितल्यात. त्यास्नी भूक कधी लागतच न्हाय. तसल्याला पेज भरवायची. दोन चमचं. नगं म्हटलं तरी भरवायची, दुसऱ्या दिवशी परत भरवायची. दोन दिवसांत ताट मागाय लागत न्हाय कोण, पर लागती भूक. जेवल्यावर लागती." आणि तिनं फर्मान काढलं: रोज सकाळी, चहाच्या आधी, मागच्या खोलीत बसायचं. दोन चमचे. "आणि ते माईकवालं बोलणं अजिबात न्हाय. ते परमकृपाळू-बिरमकृपाळू तुमच्या तोंडात आलं की समजायचं, गाडी सुटली."

दुसऱ्या दिवशी तात्या मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर जाऊन बसले. डोळे मिटताच 'हे परमकृपाळू' आपोआप ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. आणि मग काहीच नाही. साऱ्या मंडळीची प्रार्थना वाहणारा माणूस, पण स्वतःचं म्हणून एक वाक्य सापडेना. बाहेर शेजारच्या आकारामच्या मोटारसायकलला किक बसत होत्या. शेवटी तात्या म्हणाले, "मी शांतवन. हाय मी हितं." पुढं काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून उठून चहा प्यायला गेले.

"झालं?" मार्थानं विचारलं.

"एक चमचा गेला."

"असू दे."

मग सुरू झाले कंटाळ्याचे दिवस. या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि तात्यांचीही तीच तक्रार होती. रोज खाटेवर बसायचं, मन रंकाळ्याला चक्कर मारून यायचं, तिथून मटणाच्या दुकानात शिरायचं, त्याला धरून आणायचं, "हाय मी हितं" म्हणायचं आणि उठायचं. कधी अंगावर काटा आला नाही, कधी डोळ्यांपुढं उजेड पडला नाही. एकदा वैतागून ते न बसताच चहाला आले, तर मार्थानं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"काय उपेग न्हाय गं ह्याचा! काय सुदिक होईना."

"पेज भरवली की लगीच उठून कुस्ती खेळतंय व्हय पेशंट? जावा."

गेले बिचारे. चहासाठी माणूस काय वाट्टेल ते करतो, आणि देवानं या कारणालाही कधी नाक मुरडलेलं ऐकिवात नाही.

मंडळीत मात्र कल्लोळ झाला. पाळकसाहेबांनी दोनतीनदा नाव पुकारलं आणि दोनतीनदा तात्यांनी हात जोडून नाही म्हटलं. त्यावरून तात्यांचा घसा गेला अशी बातमी उठली. कुणी ज्येष्ठमध पाठवलं, कुणी हळदीच्या दुधाचं सांगितलं. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'बंधू शांतवन यांच्या कंठासाठी प्रार्थना करावी' असा निरोप पडला आणि त्याखाली आमेन, आमेन, आमेन अशी रांग लागली. तात्यांनी ती रांग बघितली आणि त्यांना दाजींच्या फोटोसमोरचं ते खणखणीत आमेन आठवलं. एरवी ते हसले असते. त्या दिवशी मात्र त्यांनी फोन उपडा ठेवून दिला.

आक्काकडं जाणं त्यांनी सोडलं नाही. दर आठवड्याला जायचे. आक्का चहा द्यायची, थालीपीठ द्यायची, गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगायची. सगळं पहिल्यासारखं. फक्त ते उठून चपला घालायला लागले की ती म्हणायची, "सावकाश जा," आणि दार लोटायची. त्या लोटलेल्या दारासमोर तात्या क्षणभर उभे राहायचे. आयुष्यात त्यांना बक्षिसं मिळाली, सत्कार झाले, पण आता त्यांना एकच गोष्ट हवी होती: आक्कानं पुन्हा एकदा आपल्याला त्या दारात प्रार्थना करू द्यावी. आणि ती मागायला जावं, तर तिच्या प्रश्नाचं उत्तर हातात नव्हतं.

एका सकाळी खाटेवर बसले असता त्यांच्या तोंडून वेगळंच काही निघालं.

"हाय मी हितं," ते म्हणाले, आणि थांबले नाहीत. "दाजी गेलं तर मला रडू आलं न्हाय, बघ. त्यांच्या फोटूम्होरं उभा हुतो आणि माझ्या तोंडात केकची चव हुती. आक्का म्हणती कुणासंगं बोलत हुतास. काय सांगू तिला? मी लबाड न्हाय रे. मी झोपलो हुतो. तुझ्याम्होरं उभा राहून झोपत हुतो मी."

आणि मग रडू आलं. दाजींसाठी आलं, पार वर्ष उलटून गेल्यावर. सिलेंडरवाल्याला डोळे मिटायला लावणारे दाजी, बरोबरीसाठी देवाच्या विनवण्या करणारे दाजी. त्यांची आपण नक्कल करत होतो तेव्हा ते खरोखर कुणाशी तरी बोलत होते, हे तात्यांच्या आता ध्यानात आलं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मन हलकं झालं. कितीतरी दिवस पाय दाबणारा बूट कुणीतरी काढून घ्यावा तसं.

त्या दिवशी मार्थानं 'झालं?' असं विचारलं नाही. चहात आलं जास्त घातलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. काही सकाळी पुन्हा तेच रंकाळा आणि मटणाचं दुकान. पण तात्या बोलायला लागले होते. आक्काचे गुडघे, मार्थाचं ब्लडप्रेशर, स्टँडवरच्या जुन्या सोबत्याची आजारी बायको, असं एकेक सांगायचे, मध्येच गप्प बसायचे, मध्येच एखाद्या गोष्टीवरून कुरकुरायचे. आणि एक दिवस आपण गजर व्हायच्या आधीच उठून खाटेवर येऊन बसलोय आणि चहाची आठवणही झालेली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मार्था खोटं बोलली नव्हती. भूक जेवल्यावरच लागते.

अशाच एका सकाळी ते दारात दात घासत होते. कुंपणापलीकडून आकारामनं हाक मारली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेला हा शेजारी. तात्यांच्या घरातल्या मोठमोठ्या प्रार्थनासभा त्यानं पलीकडून ऐकल्या होत्या आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"तात्या, पावणं कोण आल्यात हो तुमच्यात?"

"पावणं? का रे?"

"न्हाय, रोज सकाळी मागल्या खोलीत बोलत बसल्यालं ऐकू येतंय. म्हटलं कोण आलंय, गाठ घालून द्या की."

तात्या ब्रश तोंडात धरून तसेच उभे राहिले. 'कोण न्हाय' असं ते म्हणणार होते. जिभेवर आलेलं ते त्यांनी मागं घेतलं.

"हाईत," ते म्हणाले. "हाईत पावणं." आणि फेस पुसत घाईघाईनं घरात शिरले. मार्थानं बघितलं तर हे मोरीजवळ उभे राहून एकटेच हसत होते आणि डोळे भरले होते.

त्या आठवड्यात ते आक्काकडं गेले. उत्तर द्यायचं असं काही मनाशी घोळवलं नव्हतं. आक्कानं आंबोळ्या केल्या होत्या. खाता खाता तात्यांची नजर दाजींच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. खुर्चीवर घडी घातलेले कपडे ठेवले होते.

"आक्का, मला दाजींची लई आठवण येतीया," ते म्हणाले. "त्या दिवशी आली नव्हती. खरंच सांगतो, त्या दिवशी मी हितं नव्हतोच. आता येतीया."

आक्कानं आणखी एक आंबोळी त्यांच्या ताटात टाकली. चहा झाला. तात्या उठले, दाराशी गेले, एक चप्पल पायात सरकवली आणि नेहमीच्या 'सावकाश जा'ची वाट बघू लागले.

"असाच जातोस व्हय?" आक्का म्हणाली.

तात्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "तूच नगं म्हणाली हुतीस की."

आक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "तुला का नगं म्हटलं म्हाईत हाय? ह्यांच्या मागं माझं तोंडच बंद झालं, शांत्या. रोज सकाळी बसायची, एक शब्द यायचा न्हाय. तुम्हा कुणाला सांगितलं न्हाय. त्या दिवशी म्हटलं, शांत्या ह्यांची आठवण काढून प्रार्थना करंल, त्याच्या मागनं मी आमेन म्हणीन. तेवढं एक आमेन तरी माझं हुईल. वरीसभर त्याच्यावर भिस्त ठेवून बसलेली मी. आणि तू मला तेबी म्हणू दिलं न्हाईस."

इतके दिवस त्यांना वाटत होतं, आक्काला अपमान झोंबला. ती तर उपाशी होती, आणि आपण तिच्यासमोर रिकामं ताट वाजवून आलो होतो.

त्यांनी डोळे मिटले. एक पाय चपलेत, एक अनवाणी.

"हाय मी हितं," ते म्हणाले. आवाज काही खास लागला नाही. स्टँडवर कुणी ऐकला असता तर माईक बिघडला म्हटलं असतं. "आक्काबी हाय. दाजी न्हाईत. त्यांची खुर्ची मोकळी हाय, आणि हिला तिच्याकडं बघवंना म्हणून हिनं तिच्यावर कापडं ठेवल्यात. हिला बोलाय येईना झालंय, तर तू हिच्यासंगं बोल. हिचं गुडघं लई दुखत्यात. आणि मी हिला उपाशी ठेवलं, त्याची मला..."

पुढचं वाक्य आलं नाही. कुठल्याही थांब्यावर न पोचता प्रार्थना मध्येच उभी राहिली. तात्या शब्द शोधत राहिले.

"आमेन," आक्का म्हणाली.

बारीक, खरखरीत, कितीतरी दिवस न वापरलेल्या आवाजात. तात्यांनी डोळे उघडले. आक्का पदरानं नाक पुसत होती आणि तिचा चेहरा दाजी असतानाचा वाटत होता.

"जा आता," ती म्हणाली. "मार्था वाट बघत आसंल. आणि त्या मंडळीतल्यांस्नी सांग, घसा बरा झालाय म्हणून. माझ्याकडंबी ज्येष्ठमध आणून दिलंय मेल्यांनी."

दार लोटलं गेलं. तात्या पायरीवर दुसरी चप्पल घालायला वाकले आणि तसेच थांबले. आतून आवाज येत होता. घरात तर दुसरं कुणी नव्हतं. आक्का हळूहळू, अडखळत, कुणाला तरी काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते त्यांनी ऐकलं नाही. ते त्यांच्यासाठी नव्हतंच. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून पायातलीही काढून, दोन्ही हातात घेऊन ते पायऱ्या उतरले, आणि पार रस्त्यावर आल्यावर त्यांनी त्या पायात घातल्या.